पाच गोळ्या, एक वही आणि कपाटातला जुना अहवाल

हे प्रकरण माझ्या भाच्याचे आणि मूड सुधारावा म्हणून त्याने सुरू केलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचे आहे. त्याची ओळख पटेल असे तपशील गाळून, त्याच्या संमतीने ते लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. या प्रकरणात मी मध्येच शिरलो तो प्रयोगाची आखणी करणारा म्हणून, उपचार सुचवणारा म्हणून नव्हे.

भाच्याचे वय त्या वेळी ४१. पुण्यात राहतो, एका बँकेत अधिकारी आहे. घर पिढीजात शाकाहारी, अंडेही वर्ज्य, दारू-तंबाखू नाही. पित्ताचा त्रास जुना असल्यामुळे सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोलची एक गोळी तो तीन वर्षे न चुकता घेत होता. ती मुळात किती दिवसांसाठी लिहून दिली होती हे घरात कोणालाच आठवत नव्हते, आणि औषधांची यादी विचारली की तो ती सांगतही नसे, कारण त्याच्या लेखी ते औषध नव्हतेच. दात घासण्यासारखी ती सकाळची एक गोष्ट झाली होती.

२०२३ च्या जानेवारीपासून त्याचे कशात मन लागेना. रात्री झोप लागे, पण पहाटे चारला जाग येई. मुलीवर क्षुल्लक कारणावरून आवाज चढे आणि मग दिवसभर त्याचीच टोचणी लागे. रविवारची भाजी आणायला मंडईत जाणे हा त्याचा लहानपणापासूनचा आवडता उद्योग, तोही त्याने बायकोवर सोपवला. मार्चअखेरीचा हिशेब डोक्यावर होता, म्हणून घरच्यांनी सगळे खापर बँकेवर फोडले, आणि त्यात तथ्य नव्हते असेही नाही.

एप्रिलमध्ये त्याने जीवनसत्त्वे आणि मनःस्थिती यांविषयी वाचायला सुरुवात केली आणि २४ एप्रिल, सोमवारपासून चार गोष्टी एकदम सुरू केल्या. रोज मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी १२, १५०० मायक्रोग्रॅम. आठवड्यातून एकदा डी ३ ची ६०,००० युनिटची कॅप्सूल. रोज सकाळी बी कॉम्प्लेक्सची एक कॅप्सूल. आणि रात्री मॅग्नेशियम. तीन आठवड्यांनी पाचवी गोळी आली, ती म्हणजे १०० मिलिग्रॅमची बी ६. हिचा उगम सांगितला पाहिजे. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाने २०२२ मध्ये ४७८ तरुण-तरुणींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात रोज १०० मिलिग्रॅम बी ६ सुमारे महिनाभर घेणाऱ्यांनी स्वतःची चिंता कमी झाल्याचे नोंदवले होते, तर बी १२ घेणाऱ्यांत फारसा फरक दिसला नव्हता. अभ्यास खरा आहे आणि नीट केलेलाही आहे. मात्र १०० मिलिग्रॅम ही मात्रा रोजच्या गरजेच्या कित्येक पट आहे, आणि तो प्रयोग महिन्याभराचा होता. भाच्याने मात्रा उचलली, मुदत उचलली नाही.

एक शिस्त मात्र त्याने पाळली. शंभर पानी वही घेऊन रोज रात्री नऊला तो स्वतःच्या मूडला १ ते १० पैकी गुण देऊ लागला आणि शेजारी एखादी ओळ लिहू लागला. पहिल्या पानावर '४, डोके जड' असे आहे, अकराव्या दिवशी '६, बरे वाटते', मे संपताना सलग चार दिवस '७'. जुलैमध्ये तो ही वही घेऊन माझ्याकडे आला. गोळ्या लागू पडल्या याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याला एवढेच हवे होते की, महिन्याला होणारा खर्च पाहता यांतली नेमकी कोणती गोळी काम करते ते मी वहीवरून काढून द्यावे.

वहीवरून ते निघत नाही, हे सांगायला मला पाच मिनिटे लागली आणि त्याला पटायला दोन आठवडे. वहीची पहिली नोंद ज्या दिवशीची, त्याच दिवशीची पहिली गोळी. गोळ्यांपूर्वीचा एकही गुण लिहिलेला नाही, त्यामुळे कशाच्या तुलनेत सुधारणा झाली हे ठरवायला जागाच नाही. शिवाय माणूस असा उपाय सुरू करतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात; त्यानंतरचा आठवडा काहीही केले नसते तरी बहुधा जरा बरा गेला असता. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात आणि जगातल्या निम्म्या घरगुती औषधांची पुण्याई त्यावरच उभी आहे. तिसरे असे की त्याच एप्रिलमध्ये हिशेब संपला होता, मुलीची परीक्षा आटोपली होती आणि त्याची बदली घराजवळच्या शाखेत झाली होती. जाण्यायेण्याचे जवळजवळ अडीच तास वाचले. वहीत या बदलीचा उल्लेख फक्त एकदा आहे आणि तोही नव्या शाखेतल्या चहाच्या संदर्भात.

'मग एकेक गोळी बंद करून पाहतो,' असे तो म्हणाला. कल्पना सरळ आहे, पण जीवनसत्त्वांच्या बाबतीत ती फसते. बी १२ यकृतात साठते आणि भरलेला साठा वर्षानुवर्षे पुरतो; तीन महिने मोठी मात्रा घेतल्यावर पंधरा दिवस बंद ठेवले तर शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही. डी जीवनसत्त्वाचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात. बी ६ सुद्धा एका दिवसात ओसरत नाही. बटण दाबले की दिवा जातो तसे इथे होत नाही. टाकीला नळ बंद करून पाणी संपण्याची वाट पाहत बसावे लागते.

त्याच्या एका दाव्याची मात्र परीक्षा घेता येत होती. त्याचे म्हणणे असे की सकाळी बी कॉम्प्लेक्स घेतले की तासाभरात तरतरी येते आणि ज्या दिवशी ते विसरते त्या दिवशी दुपारपर्यंत तो ढेपाळतो. परिणाम त्याच दिवशीचा असेल तर दिवसागणिक गोळी बदलून तो तपासता येतो. बाकीच्या चारही गोळ्या तशाच चालू ठेवून आम्ही एवढाच प्रश्न हाती घेतला.

माझ्या घरी लग्नातल्या आहेराची कोरी पाकिटे पडून होती. त्यांवर क्रमांक घातले. औषधांच्या दुकानातून मोठ्या आकाराच्या, आरपार न दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूल मागवल्या, तर त्या जिलेटिनच्या, म्हणजे प्राणिजन्य निघाल्या. माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, हे ऐकून उठूनच गेली, म्हणून वनस्पतिजन्य कॅप्सूल आणल्या. डी ३ ची कॅप्सूल त्याने इतके दिवस घेतली तिचे मऊ कवच सहसा जिलेटिनचेच असते आणि आतले डी ३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीवरील मेणापासून बनवतात, हे मी ताईला अजून सांगितलेले नाही. निम्म्या कॅप्सूलांत बी कॉम्प्लेक्सची भुकटी, निम्म्यांत साबुदाण्याचे पीठ. कोणत्या क्रमांकात काय, हे २१-२१ चिठ्ठ्या डब्यात हलवून, एकेक उचलून ठरवले आणि यादी माझ्या कपाटात ठेवली. भाच्याला माहीत नाही, त्याच्या बायकोलाही नाही.

७ ऑगस्टला सुरुवात झाली आणि चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. 'मामा, मला कळतंय.' बी कॉम्प्लेक्समधले बी २, म्हणजे रायबोफ्लेव्हिन, गरजेपेक्षा जास्त झाले की मूत्रावाटे बाहेर पडते आणि लघवी गडद पिवळी, जवळजवळ चमकणारी होते. सकाळी दहापर्यंत त्याला उत्तर मिळत होते. औषधांच्या मोठ्या चाचण्यांत सहभागी लोक गोळ्या खरोखर घेतात की नाही हे तपासायला हाच गुण मुद्दाम वापरतात, आणि ते ठाऊक असूनही मला आधी सुचले नाही, याची माझ्या मनाला लाज वाटली. पहिला आठवडा रद्द केला. नुसत्या रायबोफ्लेव्हिनच्या गोळ्या मिळवून त्या कुटल्या आणि साबुदाण्याच्या पिठात मिसळल्या. आता दोन्हींचा रंग एकच. यामुळे बी २ चा स्वतःचा काही परिणाम असेल तर तो आमच्या चाचणीतून निसटला, हे मान्य.

२१ ऑगस्ट ते १ ऑक्टोबर असे ४२ दिवस त्याने एकही पाकीट चुकवले नाही. रोज रात्री मूडचे गुण, आणि त्यापुढे 'खरी' की 'खोटी' असा अंदाज. मधल्या काळात गणपती आले, दहा दिवस जागरणे झाली, विसर्जनाच्या रात्री ढोलांमुळे तीन तास झोप मिळाली. पण चिठ्ठ्या टाकून दिवस वाटलेले असल्यामुळे हा गोंधळ दोन्ही बाजूंना सारखाच येण्याची शक्यता होती, आणि साधारण तसाच आला. २ ऑक्टोबरला सुटी होती. दुपारी जेवणानंतर यादी काढली. बी कॉम्प्लेक्सच्या दिवसांची सरासरी ६.२, साबुदाण्याच्या दिवसांची ६.१. अंदाज ४२ पैकी २२ वेळा बरोबर, म्हणजे नाणे उडवून जेवढे आले असते जवळपास तेवढेच. त्याच आकड्यांत सहा रविवारांची सरासरी ७.३ आणि सहा सोमवारांची ५.२ होती. नुसत्या वाराने दोन गुणांचा फरक पडत होता आणि तो कोणत्याही बाटलीत नव्हता. भाचा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, 'पण मला तरतरी येत होती हो.' येतच असणार. साबुदाण्यानेही येत होती, एवढेच.

प्रकरण इथे थांबले असते तर ते लिहिण्याजोगे नव्हते. त्याच दुपारी, जाता जाता, चपला घालताना तो म्हणाला की हल्ली पायांच्या बोटांत मुंग्या येतात. रात्री अंथरुणावर पडल्यावर जास्त. किती दिवस? 'दोन-अडीच महिने असतील.' वहीत एकही नोंद नव्हती, कारण वही मूडची होती.

दुसऱ्या आठवड्यात तो घराजवळच्या फिजिशियनकडे गेला. मी सोबत होतो. डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि सांगितले, 'थरथर थांबली की सांगा.' त्याने सांगितले तेव्हा डॉक्टरांनी तोच काटा त्याच्या हाताच्या बोटावर ठेवला, आणि तिथे थरथर त्याला अजून लागत होती. पायाच्या टोकाची कंपनाची जाणीव कमी झाली होती. मग त्यांनी सर्व गोळ्यांची यादी मागितली, आणि त्या वेळी प्रथमच पँटोप्राझोलचे नाव कागदावर आले.

अडचण अशी होती की या मुंग्यांचे दोन परस्परविरुद्ध अर्थ निघत होते. बी १२ कमी पडले तर नसांच्या आवरणाची हानी होते आणि पायांपासून मुंग्या सुरू होतात. बी ६ जास्त झाले तरी संवेदनेच्या नसा दुखावतात आणि मुंग्या पायांपासूनच सुरू होतात. १९८३ मध्ये अमेरिकेत रोज दोन ते सहा ग्रॅम बी ६ घेणाऱ्या सात जणांची प्रकरणे प्रसिद्ध झाली तेव्हापासून हे माहीत आहे. त्या मात्रा फार मोठ्या होत्या, पण पुढे सुरक्षित मर्यादा खाली खाली येत गेली. अमेरिकेत ती प्रौढांसाठी रोज १०० मिलिग्रॅम आहे, तर युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. भाचा १०० मिलिग्रॅमची वेगळी गोळी आणि शिवाय बी कॉम्प्लेक्समधले थोडे, असे पाच महिने घेत होता. म्हणजे एक तर तो ज्या कमतरतेवर नकळत उपचार करत होता तिचे हे लक्षण होते, किंवा उपचारानेच ते निर्माण केले होते.

बी १२ तपासले असते तर उलगडा झाला असता, पण तो एप्रिलमध्ये. ऑक्टोबरमध्ये रक्तातले प्रमाण ६१२ पिकोग्रॅम आले, साधारण २०० च्या खाली कमतरता धरतात. रोज १५०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्याचे प्रमाण चांगले येणारच; त्यावरून आधी किती होते याचा काहीच बोध होत नाही. बी १२ कमी पडले की रक्तात वाढणारे होमोसिस्टीनही ते मिळाल्यावर खाली येते. रक्तपेशींचा आकार उरला, कारण बी १२ च्या कमतरतेत तांबड्या पेशी मोठ्या होतात. पण बी कॉम्प्लेक्समध्ये फॉलिक अॅसिड होते, आणि फॉलिक अॅसिड पेशींचा आकार सुधारते पण नसांचे बिघडत असलेले तसेच बिघडू देते. पाच गोळ्यांनी मिळून जुन्या अवस्थेची जवळजवळ प्रत्येक खूण पुसून टाकली होती.

फॉलिक अॅसिडचा विषय निघाला म्हणून सांगतो, त्याचा पहिला माग मुंबईत लागला. १९२८ नंतर ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईच्या गिरणी कामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा शोध घेत होत्या आणि यीस्टच्या अर्कापासून केलेल्या मार्माइटने तो बरा होतो असे त्यांना दिसले. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकी रक्तविकारतज्ज्ञाने नेमके भाच्याच्या उलट केले. तीन-तीनदा उकळून फोलेट घालवलेले अन्न ते चार महिन्यांहून अधिक काळ स्वतः खात राहिले. झोप उडाली, विसराळूपणा आला, चिडचीड वाढली, आणि फॉलिक अॅसिड घेतल्यावर दोन दिवसांत ही लक्षणे गेली. जीवनसत्त्व आणि मनःस्थिती यांचा स्वतःवर केलेला इतका स्वच्छ प्रयोग मला दुसरा माहीत नाही. तो स्वच्छ होता, कारण एकच गोष्ट काढली आणि पहिल्या दिवसापासून रक्त तपासत राहिले. तरीही उकळण्याने अन्नातले पोटॅशियमही गेले आणि त्याचा त्रास त्यांना झालाच. एकच गोष्ट काढणे म्हणतात ते इतके अवघड असते.

भाच्याच्या बाबतीत सुटका केली ती त्याच्या बायकोने. बँकेतर्फे दर वर्षी आरोग्य तपासणी होते. ऑक्टोबर २०२२ चा अहवाल आला तसाच, पाकिटासकट, कपाटात विमा पॉलिसींच्या फायलीत गेला होता. तिने तो शोधून आणला. बी १२ ची तपासणी त्यात नव्हती. मात्र हिमोग्लोबिनच्या खाली चौथ्या ओळीत पेशींचा सरासरी आकार १०४ छापला होता, ठळक अक्षरात, पुढे तारांकन, मर्यादा १००. थायरॉइड व्यवस्थित, यकृत व्यवस्थित, दारूचा प्रश्नच नाही. गोळ्या सुरू होण्याच्या सहा महिने आधीच्या या एका आकड्याने पारडे बी १२ च्या कमतरतेकडे झुकवले. पुरावा पक्का नव्हे, पण गोळ्यांनी न पुसलेला तेवढाच होता.

कमतरता का झाली असावी याचे उत्तर त्याच्या सकाळच्या गोळीत होते. अन्नातले बी १२ प्रथिनांना चिकटलेले असते आणि ते सोडवायला जठरातले आम्ल लागते. पँटोप्राझोल तेच कमी करते. दोन वा अधिक वर्षे अशी औषधे घेणाऱ्यांत बी १२ ची कमतरता जास्त आढळते, हे कॅलिफोर्नियातील एका मोठ्या अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवले. त्यात शाकाहार, म्हणजे बी १२ चा पुरवठा काय तो दूध-दह्यातून. पुण्याला याचे नवल वाटू नये. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुष तपासले तेव्हा सुमारे दोन तृतीयांशांत बी १२ कमी निघाले होते, आणि शहरी मध्यमवर्गात सर्वांत जास्त. गोळीतले बी १२ मोकळेच असते, त्याला आम्लाची गरज नाही, आणि मात्रा मोठी असली की त्यातला साधारण शंभरावा भाग आतड्यातून आपोआपही शोषला जातो. म्हणून भाच्याची बी १२ ची निवड, अंदाजपंचे का होईना, बरोबर ठरली.

डी ३ बद्दल थोडक्यात. ६०,००० युनिटची कॅप्सूल सहसा आठ आठवडे देतात; याची पाच महिने चालू होती. प्रमाण ८८ नॅनोग्रॅम निघाले, कॅल्शियम सुदैवाने ठीक होते, कॅप्सूल बंद झाली. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८,३५३ लोकांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज २,००० युनिट डी किंवा खोटी गोळी देऊन पाहिले, त्यांत नैराश्याच्या प्रमाणात वा मूडच्या गुणांत फरक आढळला नव्हता. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मॅग्नेशियमबद्दल डॉक्टर म्हणाले, 'हवं तर घ्या, नको तर नका घेऊ.'

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट केली, जी आम्ही कोणीच केली नव्हती. नैराश्यासाठी वापरतात ती नऊ प्रश्नांची यादी त्यांनी समोर ठेवली आणि शेवटचा प्रश्न, जगणे नकोसे वाटते का, हा स्वतः मोठ्याने वाचून विचारला. नाही, असे त्याने सांगितले. २७ पैकी त्या दिवशी ६ गुण आले, म्हणजे सौम्य. मग त्यांनी तेच प्रश्न जानेवारी-फेब्रुवारी आठवून सोडवायला सांगितले, तेव्हा १३ आले. आठवणीवर भिस्त ठेवता येत नाही हे खरे, पण घरातल्या चार मोठ्या माणसांनी आठ महिन्यांत त्याला गोळ्यांविषयी पुष्कळ विचारले होते, हे नव्हते विचारले, आणि त्या चारांत मी होतो.

उपचार असा ठरला: बी ६ त्याच दिवशी बंद, बी १२ ची इंजेक्शने काही आठवडे आणि नंतर गोळी, पँटोप्राझोल हळूहळू कमी करत थांबवायचे, रात्रीचे जेवण साडेआठच्या आत. मी दबक्या आवाजात सुचवले की आधी फक्त बी ६ थांबवून सहा आठवडे पाहिले तर मुंग्यांचे कारण नक्की कळेल. डॉक्टर हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता. बी १२ च्या कमतरतेने झालेली नसांची हानी वेळ गेला तर भरून येत नाही, तेव्हा दोन्ही एकदम करायचे, असे त्यांनी सांगितले, आणि ते योग्यच होते.

फेब्रुवारी २०२४ पर्यंत मुंग्या जवळजवळ गेल्या. डाव्या पायाच्या करंगळीत कधीतरी येतात. त्या बी ६ थांबल्यामुळे गेल्या की इंजेक्शनांमुळे, हे सांगता येत नाही. पहाटेची जाग गेली आहे; तिला बी १२ कारण, की अडीच तासांचा वाचलेला प्रवास, हेही नाही. मंडईत तो पुन्हा जाऊ लागला आहे. मध्यंतरी त्याने विचारले की बी १२ वर्षभर बंद ठेवून पाहावे का, म्हणजे एकदाचा निकाल लागेल. मी नको म्हटले. बी ६ ची अर्धी बाटली माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि वहीची उरलेली पाने त्याच्या मुलीच्या गणिताच्या कच्च्या कामाला लागली आहेत.